डब्यात शिजलेलं कडधान्य असलं की 'आज काय करू?' निम्मं सुटतं

संध्याकाळी सहा-साडेसहाला मैत्रिणीला 'काय करतेयस गं आज जेवायला?' असं विचारायचं, ती काहीतरी झकास नाव सांगणार, आपण 'अरे वा' म्हणणार, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येणार की त्यासाठी छोले काल रात्रीच भिजत घालायला हवे होते. मग परत बटाटा. माझं कितीतरी वर्षं हेच चालायचं. रेसिपींची कमी नव्हती, फोनमध्ये इतक्या सेव्ह करून ठेवल्यात की नुसत्या वाचायला बसलं तरी एक अख्खी सुट्टी जाईल. अडायचं ते तयारीपाशी. म्हणून आता कोणी रोजच्या जेवणासाठी आयडिया मागितली की मी पदार्थ सांगतच नाही. मी म्हणते, आठवड्यातून एकदा एकच कडधान्य, नुसतं मीठ घालून, भरपूर शिजवून ठेव. मसाला अजिबात नको. मसाला घातला की तो एक पदार्थ झाला, तो तुम्ही दोन वेळा खाणार आणि तिसऱ्या वेळी घरातले डब्याकडे बघून नाक मुरडणार. साधं शिजलेलं असेल तर त्याचं काहीही होतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण ते नीट शिजवणं आणि नीट ठेवणं यात बऱ्याच जणांची गाडी अडकते, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय.

कोणतं घ्यायचं आणि किती

पहिल्यांदा करणार असाल तर छोले घ्या. आकार धरून राहतात, फ्रीझरमध्ये छान टिकतात, आणि थोडे जास्त शिजले तरी वाया जात नाहीत. राजमा दुसऱ्या नंबरवर, त्याच्याबद्दल एक गंभीर गोष्ट पुढे सांगते. चवळी, अख्खे मूग, अख्खा मसूर ही तशी घाईची मंडळी, मसूर तर न भिजवताही साध्या पातेल्यात अर्ध्या तासात होतो, त्यामुळे ते साठवायची फारशी गरज पडत नाही. आणि डाळी या कामाच्या नाहीत, त्यांचा लगदा होतो, आमच्याकडे एकदा चार दिवस तोच लगदा वेगवेगळ्या नावांनी पानात आला होता.

एक वाटी कोरड्याचे शिजून अडीच ते तीन वाट्या होतात. दोघांच्या घरात दोन वाट्या पुरे, चार-पाच माणसं असतील तर अर्धा किलो घ्या.

आता जुन्या पॅकेटबद्दल. गरम आणि दमट जागी महिनोन्महिने पडून राहिलेलं कडधान्य असं काही निबर होतं की मग किती का भिजवा, कितीही वेळ गॅसवर ठेवा, आतून टणकच राहतं. दोष तुमच्या हाताचा नसतो. म्हणून थोडं थोडं आणा, आणि नवीन पॅकेट जुन्याच्या बरणीत वरून ओतू नका, आधी जुनं संपवा. एकत्र झालं की नवे दाणे फुटून पीठ होतात तरी जुने दाताखाली कडकड वाजतात, आणि मग काहीच दुरुस्त करता येत नाही.

भिजवताना मीठ घाला, हो, आधीच

आमच्या मावशी सांगायच्या, मीठ आधी घातलं की कडधान्य शिजत नाही. मी वीस वर्षं ते पाळलं. एकदा चुकून मिठाच्या पाण्यात भिजवले गेले, आणि त्या दिवशीचे छोले इतके मऊ झाले, साल सुद्धा लोण्यासारखी, की मी मुद्दाम परत करून बघितलं. कारण असं आहे की दाण्याच्या सालीत पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम जाऊन त्यांची जागा घेतं, बांधणी सैल होते, साल मऊ पडते आणि शिजताना फाटतही नाही. प्रमाण म्हणजे एक लिटर पाण्याला १५ ग्रॅमच्या आसपास, मोठा चमचा सपाट भरून. पाणी दाण्यांच्या तिप्पट तरी घ्या, नाहीतर सकाळी वरचे दाणे कोरडे आणि पातेलं फुगून वर आलेलं.

आठ ते बारा तास. उकाडा असेल तर पातेलं फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर बारा तासांच्या वर गेलं की फेस यायला लागतो आणि वास आंबूस होतो. विसरलात तर काय? तर पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं खळखळून उकळायचं, गॅस बंद, झाकण लावून एक तास ठेवायचं. रात्रभर भिजवल्याइतकं समान होत नाही, पण वेळ निभावते.

भिजलंय का हे बघायची खूण: एक छोला घेऊन नखाने मधोमध दोन फाका करा. आतला रंग कडेपासून मधापर्यंत सारखा असेल तर झालं. मध्ये पांढुरका, खडूसारखा ठिपका दिसतोय आणि तिथे फाक जराशी खोलगट आहे, म्हणजे पाणी अजून आत पोचलेलं नाही. अजून दोन तास.

हे भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. त्यात काही जीवनसत्त्वं जातात हे खरं, पण त्याचबरोबर रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा पण बऱ्याच निघून जातात. या साखरा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्या खातात आणि गॅस तयार करतात. कडधान्य खाल्लं की पोट फुगतं म्हणणाऱ्यांनी पाणी टाकायचं, दाणे दोनदा धुवायचे, आणि पहिल्या आठवड्यात वाटीभर खाण्याऐवजी दोन-तीन चमचे खायचे. हळूहळू पोट सरावतं.

शिजवणं

नवीन पाणी घ्या. तुमच्याकडचं पाणी जड असेल, म्हणजे किटलीत पांढरा थर बसत असेल, तर भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला फिल्टरचं पाणी वापरून बघा, फरक डोळ्यांना दिसतो. तेही नसेल तर खायचा सोडा, पण चिमूटभर, पाव छोट्या चमच्याच्या आतच. सोड्याने दाणे पटकन मऊ होतात पण जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्व मरतं. मी फक्त जुन्या छोल्यांना लावते.

आंबट काहीही आत्ता घालायचं नाही. टोमॅटो, चिंच, लिंबू, दही, व्हिनेगर, सगळं नंतर. हे मी पाहुण्यांसमोर शिकले. आठ माणसं जेवायला, मी वेळ वाचवायला म्हणून राजमा आणि टोमॅटो एकदमच कुकरला लावले, उघडलं तर राजमा अर्धा कच्चा, परत लावला, परत तेच, तिसऱ्या वेळेपर्यंत टोमॅटो तळाला लागून करपला होता आणि मंडळी बाहेर तिसऱ्यांदा सरबत पीत होती. आंबटपणामुळे ते पेक्टिन आणखी घट्ट होतं, मऊ पडतच नाही. शेवटी सगळ्यांना अंडी करून घातली.

कुकरात दाणे आणि पाणी मिळून अर्ध्याच्या वर भरू नका. कडधान्याला फेस येतो, तो वर चढून शिट्टीच्या भोकात अडकतो. एक चमचा तेल घातलं की फेस कमी येतो. पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं. मीठ थोडं घालाच, भिजवताना घातलं होतं तरी.

आणि शिट्ट्या मोजणं सोडा. 'छोल्यांना किती शिट्ट्या?' या प्रश्नाला दहा जणी दहा उत्तरं देतात आणि दहाही बरोबर असतात, कारण शिट्टी किती लवकर येते हे आच, कुकरचा आकार आणि तो किती भरलाय यावर ठरतं. कुकरमध्ये दाब चढला की पाणी १०० ऐवजी साधारण १२१ अंशांना उकळतं, काम त्या तापमानाचं आणि किती मिनिटं ते टिकलं याचं. म्हणून पहिली शिट्टी होईपर्यंत मोठी आच, मग बारीक, आणि घड्याळ लावायचं. भिजवलेल्या चवळीला ५-६ मिनिटं, राजम्याला १२ ते १५, छोल्यांना १५ ते २०. हे माझे आकडे, तुमचे दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होणार, तेव्हा पहिल्यांदा कमी लावा आणि जे जमलं ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. माझा कागद तेलाने पारदर्शक झालाय पण अजून वाचता येतो.

गॅस बंद केला की दाब आपोआप उतरू द्या. शिट्टी उचलून फस्सकन वाफ सोडली की दाब एकदम पडतो, दाण्यातलं पाणी आतल्या आत उकळायला लागतं आणि दाणे फुटतात. तुम्हाला मॅशच करायचंय तर फुटू देत. पण साठवायचे असतील तर पंधरा मिनिटं दुसरं काही करा.

साध्या पातेल्यातही होतं, दीड-दोन तास लागतात, मंद आचेवर, अधूनमधून गरम पाणी घालत. उंचावरच्या गावात राहणाऱ्यांनी मात्र पातेल्याच्या फंदात पडू नये, दर ३०० मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं, त्यामुळे खळखळून उकळताना दिसतं पण दाणा काही शिजत नाही.

झालंय का बघायला एकच दाणा खाऊ नका. एखादा फसवतो. वरून, तळातून, कडेने असे पाच घ्या. जीभ आणि टाळू यांच्यामध्ये दाबायचं, दात लावायचे नाहीत, पाचही विरघळले पाहिजेत. अजून एक गंमत म्हणजे चमच्यात दोन-चार दाणे घेऊन त्यावर फुंकर मारायची, शिजलेले असतील तर साल सुरकुतून मागे वळते. घरातल्या पोरांना हे काम दिलं की ती स्वयंपाकघरात आनंदाने येतात.

राजम्याबद्दल, हे टाळू नका

कच्च्या राजम्यात, खास करून लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन, असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत जोरदार उलट्या होऊ शकतात. नीट शिजवला की ते नष्ट होतं. निदान पाच तास भिजवायचा, पाणी फेकायचं, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा, दहा मिनिटं तर हवीतच, मी अर्धा तास धरते. कुकरमध्ये प्रश्न येत नाही. खरा धोका स्लो कुकरचा, ज्यात सकाळी सगळं घालून आपण बाहेर जातो. त्यात पाणी बऱ्याचदा उकळीपर्यंत पोचतच नाही, आणि ७५-८० अंशांना तासन्‌तास राहिलेला राजमा दिसायला मऊ पण कच्च्यापेक्षाही जास्त त्रासदायक होऊ शकतो. स्लो कुकरच वापरायचा असेल तर आधी गॅसवर उकळून घ्या आणि मगच त्यात घाला.

थंड करणं आणि ठेवणं

शिजलेले दाणे चाळणीवर काढून वाऱ्यावर ठेवले की पाच मिनिटांत साली कोरड्या होऊन तडकतात. त्यांच्याच पाण्यात गार होऊ द्या. पण खोल पातेल्यात नको, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंशांच्या मधलं तापमान म्हणजे जंतूंची चैन. पसरट भांड्यात ओता, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवलं तर आणखी लवकर. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. तिथे तीन ते चार दिवस, फ्रीज ४ अंशांवर किंवा त्याखाली असेल तर. चौथ्या दिवशी पाणी बुळबुळीत किंवा वास जरा वेगळा वाटला की चाखून वगैरे बघू नका, सरळ टाका.

निम्मं मी त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकते. निथळून, फडक्यावर टिपून, ताटात एका थरात पसरून दोन तास फ्रीझरमध्ये, मग पिशवीत. असं केलं की दाणे सुटे राहतात, मूठभर हवे तर मूठभर निघतात. थेट पिशवीत भरलं तर त्याची वीट होते आणि मग आपण लाटण्याने ती वीट फोडत बसतो (केलंय, ओट्याची टाइल गेली). पिशवीतली हवा काढा, चपटी करा, वर तारीख लिहा. उणे १८ अंशांना दोन-तीन महिने चव छान राहते.

शिजवलेलं पाणी फेकू नका हं. भिजवलेलं फेकायचं, शिजवलेलं ठेवायचं, इथे खूप जणांचा गोंधळ होतो. त्यात स्टार्च आणि प्रथिनं असतात, सूपला, रश्श्याला, कणीक मळायला वापरा. छोल्यांचं पाणी तर दाट असेल आणि बीटरने फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं, मी पहिल्यांदा केलं तेव्हा भांडं उलटं करून सगळ्यांना दाखवत फिरले होते.

मग आठवडाभर काय काय

पहिल्या दिवशी रस्सा, कारण पाणी ताजं आहे. कांदा-टोमॅटो परता, आता आंबट घालायला हरकत नाही, दाणे शिजलेत. दाटपणासाठी पीठ किंवा क्रीम काही लागत नाही, एक पळीभर दाणे कढईच्या कडेला पळीच्या पाठीने चेचायचे आणि परत ढवळायचे. पाच मिनिटं उकळलं की रस्सा स्वतःच दाट होतो.

दुसऱ्या दिवशी कोरडं. इथे एकच गोष्ट सांभाळायची, दाणे फडक्याने खरंच कोरडे करा. ओले दाणे तव्यावर टाकले की ते वाफेत उकडतात, परतले जात नाहीत. पसरट तवा, चांगला तापलेला, तेल, दाणे एका थरात, आणि मग दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. सगळ्यांना सतत ढवळायची खोड असते, मला पण आहे, मी चमचा मुद्दाम लांब ठेवते. एक बाजू तांबूस झाली की हलवा, मसाला शेवटच्या अर्ध्या मिनिटात, नाहीतर करपतो. ओव्हन असेल तर २०० अंशांना अर्धा तास, मध्ये एकदा ताट हलवून.

थंड सॅलड करायचं तर दाणे आधी कोमट करून घ्या आणि तेल-लिंबू-मीठ तेव्हाच लावा, गार दाणा ड्रेसिंग आत घेत नाही, ते सगळं वाटीच्या तळाशी बसतं. कांदा, काकडी नंतर. लिंबाचा दुसरा फायदा म्हणजे कडधान्यातलं लोह अंगी लागायला सी जीवनसत्त्वाची मदत होते, तेव्हा लिंबू किंवा कच्चा टोमॅटो सोबत असू द्याच.

तिसऱ्या दिवशी टिक्की. टिक्की तेलात फुटते अशी तक्रार सगळ्यांचीच, आणि दरवेळी कारण ओलावा. मिक्सरमध्ये पेस्ट करू नका, मॅशरने किंवा हातानेच चेचा, निम्मे दाणे अर्धवट राहिले पाहिजेत. ब्रेडचा चुरा किंवा भाजलेलं पीठ थोडं थोडं घाला, आणि वळून झाल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. आधी एकच तळून बघा. ती फुटली तर बाकीच्यांमध्ये अजून चुरा घालता येतो, सगळ्या एकदम सोडल्यात तर मग कढईत खिचडी.

उरलंसुरलं चौथ्या दिवशी सूपमध्ये, किंवा भातात मिसळून. धान्य आणि कडधान्य एकत्र खाण्यात अर्थ आहे, कडधान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (म्हणजे प्रथिनाचा एक घटक) भरपूर आणि मेथिओनिन हे दुसरं कमी, तर तांदूळ-गव्हात बरोबर उलट. एकाच घासात पाहिजे असं नाही, दिवसभरात पोटात गेलं तरी चालतं. गरम करताना मात्र नुसतं कोमट करू नका, मधोमध वाफ यायला हवी.

मोडांचं काय

मोड आणायचे असतील तर शिजवण्याआधीच निम्मे दाणे बाजूला काढा. मूग सगळ्यात सोपे: आठ-दहा तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात सैल बांधून ठेवायचे, दिवसातून दोनदा पाण्याखाली धरायचे, एक-दीड दिवसात मोड येतात. पण मोड आलेलं कच्चं खाणं मी बंद केलंय. जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच जंतूंनाही आवडते, आणि धुऊन ते जात नाहीत. २०११ मध्ये जर्मनीत ई कोलाय या जंतूची मोठी साथ आली होती, पन्नासच्या वर माणसं गेली, आणि तपासात बोट गेलं ते मेथीच्या मोडांकडे. पाच मिनिटं दणदणीत वाफ द्या, कुरकुरीतपणा थोडा जातो, जाऊ दे.

शेवटचा प्रश्न सगळ्यांचा सारखाच असतो, भिजवायचं लक्षात कसं ठेवायचं. मी शुक्रवारी रात्री भांडी आवरताना, सिंक रिकामं झालं की त्यातच पातेलं ठेवून पाणी भरते आणि तिथेच सोडते. सकाळी चहाचं भांडं धुवायला गेलं की ते समोर येतंच, हलवल्याशिवाय नळ वापरता येत नाही. ऐन उन्हाळ्यात मात्र पातेलं फ्रीजमध्येच जातं, तेव्हा नळाच्या तोटीला फडकं बांधून ठेवते.